पांढऱ्या चादरीचा निकाल

कार्बन फॉल्स या आमच्या गावात नवा कारखाना येऊ घातला, तेव्हा त्याची रीतसर तपासणी करणं हे आमच्या गतवैभव समितीचं कर्तव्यच होतं. पोलादाचा जुना कारखाना बंद पडल्यापासून दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेला मासा खात आम्ही एकच मागणी करत आलो होतो: गावात काम परत आलं पाहिजे. नगरपालिका शेवटी कंटाळली आणि नव्या कारखान्यांना मंजुरी देण्याचं काम तिनं आमच्याच गळ्यात मारलं.

आमची कसोटी परंपरागत. आमच्या आज्या सकाळी पांढरी चादर वाळत घालायच्या. संध्याकाळी काजळीनं काळी झाली, की समजायचं, पुरुष कामावर आहेत, गावाचं बरं चाललंय. पांढरीच राहिली, तर संप तरी किंवा मंदी तरी.

नव्या कंपनीनं पंप बनवायचा एक विभाग चाचणीपुरता सुरू केला होता. आमच्या समितीचे उपाध्यक्ष अँडी हुडाक यांची मुलगी जोनी तिथं वेल्डर होती. मंजुरी मिळाली तर तिची नोकरी पक्की, आणि मुलगी गावातच. अँडीला बायको नाही, दुसरं मूल नाही.

अध्यक्षा बर्निसबाई कोवालिक यांनी स्वहस्ते कारखान्याच्या कुंपणावर चादर वाळत घातली. संध्याकाळी समितीनं ती उजेडात धरली, हुंगली. नुसता साबणाचा वास!

"यात काम कुठं दिसतंय?" बर्निसबाई कडाडल्या.

"बाई, सगळं विजेवर चालतं. चिमणीच नाही आमच्याकडे," कंपनीचा माणूस म्हणाला.

"चिमणी नाही आणि म्हणे कारखाना!"

"माझे आजोबा त्याच धुरानं खोकून खोकून गेले ना, बाई?" जोनीनं विचारलं.

"गेले, पण घामाची भाकरी खाऊन गेले!" आम्ही टोप्या काढल्या.

कंपनीचा माणूस काकुळतीला आला. "हवं तर मागच्या बाजूला रोज चार टायर जाळतो."

"भेसळ चालायची नाही. काही मूल्यं आहेत की नाहीत?"

पुढं तपासणीत कामगारांच्या डब्यांत काकडी, गाजर असलं सशाचं खाणं सापडलं. कहर म्हणजे मुकादम बाई निघाली! बाईमाणसानं पुरुषांवर हुकूम सोडावेत हे बर्निसबाईंना अजिबात खपलं नाही. त्यांनी आम्हाला उभं राहायला सांगितलं, आम्ही उठलो. नामंजुरीसाठी हात वर करायला सांगितलं, आम्ही केले. अँडीचाही हात वर गेला.

"बाबा, हात खाली घ्या," जोनी हळूच म्हणाली.

"पोरी, तत्त्वाचा प्रश्न आहे गं."

कंपनीनं यंत्रं उचलली आणि टेक्सास गाठलं. जोनीही गेली. जाताना बापाच्या गळ्यात पडून खूप रडली. आम्हालाही फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या शुक्रवारी अँडीच्या ताटातला मासा तसाच गार झाला. बर्निसबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय करायचं, अँडी! आजकालच्या पोरांना गावाची ओढच उरली नाही बघ." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

वाचताना तुमचीही मान डोललीच असेल. या ना मग, अँडी हल्ली बैठकीला येत नाही, त्याची खुर्ची रिकामीच असते. समितीत घेताना फार काही पाहत नाही आम्ही, एकच विचारतो. तुमची मुलं कुठं असतात म्हणालात? लांब? बसा, बसा.