हमखास मिळणारं कॉलेज

चव्वेचाळीस टक्क्यांत कॉलेज कसं मिळवायचं, हे अख्ख्या चिंचवडात फक्त मृदुलाला कळलं होतं. निदान तिचं तसं म्हणणं होतं. नणंद पद्मा बारावी कशीबशी पास झाली, त्याच संध्याकाळी मांडीवरच्या बाळाला पेज भरवता भरवता तिने बेत जाहीर केला. तीन कॉलेजांत अर्ज. पुण्यातलं एक नामांकित, देवावर हवाला ठेवून. एक मधलं, नशिबावर. आणि तिसरं चाकणच्या बाजूचं, नवं, हमखास.

"आणि हमखासनं हात वर केले तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तसं होणारच नाही."

"झालं तर दिवाळीच्या आत उजवून टाकायची. मग मला टक्के सांगत बसायचं नाही."

पद्माला बी.कॉम. करून बँकेत काउंटरमागे बसायचं होतं. मृदुलाचं स्वतःचं लग्न बी.ए. चालू असतानाच झालं होतं. शेवटचा पेपर तिने सातव्या महिन्यात, बाकापासून हातभर लांब बसून लिहिला होता. पद्मावर ती पाळी येऊ देणार नाही, असा तिने शब्द दिला होता.

नामांकित कॉलेजच्या यादीत पद्माचं नाव लागलं नाही. मधल्याच्याही नाही. उरलं हमखास. तिथे संस्थाचालक अण्णासाहेब म्हणतील ती पूर्व, आणि अण्णासाहेबांकडे जायची एक रीत होती. ती मृदुलाचा नवरा सयाजी कंपनीतल्या गेनूकडून शिकून आला. गेनू त्यांच्याच गावचा.

"कामाचं नाव काढायचं नाही. मोठ्या माणसांना राग येतो. मुलीला घेऊन जायचं, बसायचं, चहा घ्यायचा. त्यांचं ते समजतात. गेनूनं निरोप दिलाय."

"काय म्हणून?"

"हेच, की आमची मंडळी बहिणीला घेऊन येतायत."

पद्मा पोरकट दिसू नये म्हणून मृदुलाने तिला आपली चांगली साडी नेसवली, बाळाला कडेवर घेतलं आणि एसटी पकडली.

मृदुलाची नजर बारीक. बाळ बटण गिळायच्या आधी तिला दिसायचं. अण्णासाहेबांच्या ओसरीवरही काही सुटलं नाही. त्यांच्या पत्नी, रतनबाई, पद्माच्या पावलांकडे बघत होत्या. शिस्त बघतायत, मृदुलाने ताडलं. पाणी आणायला पद्मालाच उठवलं. म्हणजे कॉलेजात श्रमदान असणार. मग इस्त्रीचा बुशशर्ट घातलेला एक तरुण समोर येऊन बसला आणि जमिनीला विचारल्यासारखा म्हणाला, "इंग्लिश वाचता येतं?"

हे प्राध्यापक. मृदुलाने पद्माला कोपराने ढोसलं.

"भाकरी येती का गं?" रतनबाईंनी विचारलं.

हा वसतिगृहाचा प्रश्न असावा. "उत्तम येते," मृदुलाच म्हणाली.

"टक्के किती?" अण्णासाहेब.

"चव्वेचाळीस."

"असू द्या. आमच्याकडं त्याचं काय न्हाई."

मृदुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. परतीच्या एसटीत पद्मा हळूच म्हणाली, "वहिनी, ते प्राध्यापक लाजत होते."

"नवीन असतील."

आठ दिवसांनी दारात जीप थांबली. अण्णासाहेब उतरले, रतनबाई उतरल्या, त्यांच्यामागून नारळ आणि साडी उतरली.

"आमच्या सोपानला पोरगी पसंत हाय," रतनबाई सासूबाईंना म्हणाल्या.

मृदुला पुढे झाली. "पण आम्ही कॉलेजसाठी आलो होतो."

"अगं बया. पोरगी नेसवून तुमीच घेऊन आलात की. आमाला वाटलं, शहरात आता अशीच पद्धत निघालीय."

"मग प्रवेश?" मृदुला अण्णासाहेबांकडे वळली. "टक्क्यांचं काही नाही म्हणालात."

"ते घरापुरतं, बाई. कॉलेजात पंचेचाळीसच्या खाली आमी बी घेत न्हाई. नियम हाय."

सासूबाईंनी तोवर पदर पसरून नारळ घेतलाही होता. "मुलगा नोकरीत कायम झालाय ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

पद्मा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "एका टक्क्यानं हुकलं म्हणायचं," ती म्हणाली.

"एका टक्क्यानं काय व्हतंय, पोरी," रतनबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. "इथं तू पयली आलीस." आणि कुंकवासाठी इकडेतिकडे बघू लागल्या.

सगळे मृदुलाकडे बघत होते. तिने कुंकवाचा करंडा पुढे केला.