चिंच, भिंत आणि हरकतींची सुनावणी

निसर्गाला खरा धोका असतो तो निसर्गात जाऊन बसणाऱ्या माणसांचा, ही गोष्ट आता सर्व पातळ्यांवर मान्य झालेली आहे. आमच्या नगरपंचायतीला ती जरा आधीच कळली. आमचं गाव उमरग्यापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण मग माहितीच्या अधिकारात अर्ज येतात आणि ते मलाच वाचावे लागतात. (मी तिथं वरिष्ठ लिपिक आहे. उद्यान विभाग माझ्याकडंच. विभाग म्हणजे एक टेबल, त्याचा एक पाय विटेवर.)

गावाच्या तोंडाशी एक चिंच होती. एकच, पण केवढी! भोवती पाऊण एकर मोकळं रान, चार बाभळी, थोडं गवत. झाडाखाली दिवसभर माणसं. कुणी एसटीची वाट बघतंय, कुणी पत्ते कुटतंय, कुणी बाई लेकराला निजवतेय, आणि बुंध्याला पाठ लावून रुद्रम्मा फुटाणे विकतेय. रुद्रम्मा सत्तरीच्या पुढची. शेत तलावात गेलं, नवरा वारला, तेव्हापासून तिचं घर, दुकान, ओसरी, सगळं त्या सावलीत. झाडाला उन्हाळ्यात घागरी घालायचं काम आमचा माळी महेबूबभाई बावीस वर्षं करत होता. असा सगळा अनागोंदी कारभार होता.

मग नवे मुख्याधिकारी आले, कोकणातून बदलून. साहेब निसर्गप्रेमी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाहणीचा आदेश काढला. पाहणी मीच केली, समोरच्या हॉटेलात बसून. सात दिवसांत झाडाखाली ३१२ माणसं बसली. त्यांपैकी ४१ आडवी झाली, २६ जणांनी चिगूर, म्हणजे चिंचेचा कोवळा पाला, खुडला, तिघं रडली (कारण नोंदवलेलं नाही). झाडावर एवढा ताण असताना ते उभं तरी कसं राहिलं, याचं साहेबांना नवल वाटलं. सभेत ठराव झाला: चिंच वाचवायची.

वाचवायचं म्हटलं की भिंत आली. सहा फूट उंच, वर काचा, एक लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. आत चौदा फलक. झाडाला टेकू नये. सावलीत विनाकारण थांबू नये. चिगूर खुडू नये. पक्ष्यांना त्रास देऊ नये. (भिंतीचं काम सुरू होताच पक्षी निघून गेले, त्यामुळं या शेवटच्या नियमाचं शंभर टक्के पालन झालं.) महेबूबभाईंना बढती मिळाली. माळ्याचे ते उद्यानरक्षक झाले, गणवेश आला, शिट्टी आली. फक्त रक्षकाच्या कामांच्या यादीत पाणी घालणं नव्हतं. ते विचारायला आले तर मी म्हटलं, "भाई, आता तुम्ही अधिकारी माणूस, घागरी कसल्या उचलताय?" त्यांनी घागर कोपऱ्यात ठेवली. शिट्टी मात्र त्यांनी कधी वाजवली नाही.

रुद्रम्मा भिंतीच्या बाहेर, उन्हात, डोक्यावर पोतं घेऊन बसू लागली.

भिंतीच्या पायासाठी एका बाजूची मुळं तोडली होती. दुसऱ्या बाजूच्या मुळांना कुणी शिस्त लावली नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला तडा गेला, चांगला हात जाईल एवढा. अभियंत्यानं अहवाल दिला की तड्याला चिंच जबाबदार आहे. आता पेच असा की भिंतीची मालमत्ता नोंदवहीत नोंद होती, झाडाची कुठंच नव्हती. नोंद असलेल्या वस्तूला नोंद नसलेल्या वस्तूपासून धोका निर्माण झाला तर कोणती वाचवायची, हे शेंबडं पोरही सांगेल. साहेब कळवळून म्हणाले, "भिंतच राहिली नाही तर आपण उद्यानाचं संरक्षण करणार कशानं?" सभागृह हेलावलं. झाड काढायचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

पण आपल्याकडं लोकशाही आहे. झाड तोडण्याआधी नोटीस झाडालाच चिकटवायची आणि लोकांच्या हरकती मागवायच्या, असा नियम. मी स्वतः जाऊन ती बुंध्याला चिकटवली आणि बाहेर येऊन फाटकाला कुलूप घातलं. पंधरा दिवसांत एकाही नागरिकानं ती वाचली नाही. लोकांना आजकाल वाचनाची आवडच राहिली नाही.

महेबूबभाईंकडं मात्र किल्ली होती. त्यांनी वाचली, रुद्रम्माला सांगितली, आणि दोघं माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली.

"सायब, झाडानं काय केलं म्हणून तोडायलाव?" रुद्रम्मानं विचारलं.

"भिंतीला तडा गेलाय, आजी."

"मग भिंत पाडा की."

"भिंत कशी पाडणार? ती झाडाच्या संरक्षणासाठी आहे."

तिनं महेबूबभाईंकडं बघितलं. भाईंनी खिडकीकडं बघितलं.

"माझा मालक त्याच झाडाखाली गेला ओ," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर. मला दुसरी जागा न्हाय. ते तोडलं तर म्या बसू कुठं, सांगा तुमीच."

मी हरकतीचा नमुना काढून दोन्ही बाजूंनी बघितला. त्यात मांडीचा रकाना नव्हता. मी म्हटलं, "आजी, जे काय आहे ते लिहून आणा. सुनावणीच्या दिवशी स्वतः हजर राहून द्या. एक जरी हरकत आली तरी झाड तोडता येत नाही."

हे खरं होतं. एक हरकत पुरे होती.

सुनावणीची तारीख साहेबांनी ठरवली. कॅलेंडरावर बोट ठेवून म्हणाले, "हा दिवस मोकळा दिसतोय." तो दिवस वेळा अमावस्येचा होता. या येळवसेला आमच्या भागात माणूस गावात सापडत नाही. सगळे शेतात, कडब्याच्या कोपीपुढं पूजा, मग पंगतीला भज्जी, उंडे आणि प्यायला आंबील. ज्याला शेत नाही त्याला दुसरा ओढून नेतो. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलणं सेवानियमांत बसत नाही.

त्या दिवशी कार्यालयाचे अकराच्या अकरा कर्मचारी शेतात होते. साहेबांना नगराध्यक्ष जीपमधून घेऊन गेले. तिथं साहेबांनी तीनदा भज्जी मागून घेतली असं ऐकलं. गावात जेमतेम दोन माणसं असतील. रुद्रम्मा दहा वाजता कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसली. भाईंनी लिहून दिलेला कागद, खाली तिचा अंगठा. पाच वाजेपर्यंत बसली. मग कागद दाराखालून आत सरकवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा तो माझ्या चपलेखाली आला. मी त्यावर शिक्का मारला, 'मुदतीनंतर प्राप्त'. इतिवृत्तात लिहिलं, 'सुनावणीस कोणीही हजर नव्हते, सबब हरकत नाही.' यात एक अक्षरही खोटं नाही. आमच्यापैकी खरंच कोणी हजर नव्हतं.

झाड तोडायला तीन दिवस लागले. भिंत आता उत्तम आहे, तडा बुजवलाय. महेबूबभाई रोज फाटक पुसतात. रुद्रम्मा लेकीकडं कळंबला निघून गेली. जाताना माझ्या टेबलावर मूठभर फुटाणे ठेवले. ते मला खाववले नाहीत.

आता तुम्ही, याच गावचे शेतकरी, चौकात गाठून मला जाब विचारता. सावली गेली म्हणता, एक माणूस नव्हता का तुमच्या कचेरीत म्हणता. अहो, त्या दिवशी मी बांधावर उभा होतो ते शेत कुणाचं होतं? तुमचंच. हाताला धरून तुम्हीच नेलंत. मी म्हटलंसुद्धा, "आज त्या चिंचेची सुनावणी आहे, कुणीतरी जायला पाहिजे." तुम्ही माझ्या हातात तांब्या दिलात आणि म्हणालात, "जाईल की कुणीतरी. तुम्ही आधी आंबील घ्या."

मी दोन तांबे प्यालो. झाली होती मात्र झकास, वहिनींना सांगा.