दातार काकांची पटाशी ठरत नाही

दातार काका पटाशी विकत घेतात ती वाजवून. मूठ दोन बोटांत लोंबती धरायची, पात्यावर नखाने टिचकी मारायची आणि कान लावायचा, माठ घेताना बायका करतात तसं. पोलाद चांगलं असेल तर म्हणे ते बोलतं. एडिसन गावाजवळच्या लाकूडकामाच्या दुकानातली माणसं आता काका आत शिरले की रेडिओ बंद करतात.

काका आमचे शेजारी. उभा जन्म मशीन टूल्सच्या कंपनीत गेला. काकू गेल्या, तेव्हा त्यांनी गराजमधली गाडी बाहेर काढली आणि तिथे लाकूड कातायचा लेथ बसवला. कशासाठी, तर बदकाचा आवाज काढणारी शिट्टी करायला! हा माणूस केकमध्ये अंडं नाही ना, हे विचारूनच वाढदिवसाला येतो. पण मिनेसोटातला जावई ब्रायन बदकांची शिकार करतो आणि मोसमाआधी त्याला हातची शिट्टी करून द्यायचं काकांनी कबूल केलं होतं. पापाचं काय, असं मी विचारलं.

"शिट्टी माझी, बंदूक त्याची," म्हणाले.

शिट्टी ती केवढी, वीतभरसुद्धा नाही. पण हत्यार ठरेना. लाकूड गोल करायला पन्हळीसारख्या पात्याची पटाशी लागते, तिला गाऊज म्हणतात. ती आणली, मूठ आखूड म्हणून परत केली. तिरक्या पात्याची आणली, ती लाकडात रुतते म्हणून परत. मी कार्बाइडच्या टोकाची सुचवली, म्हणजे धार लावायची कटकट नको. ज्याला धार लावायचा कंटाळा, त्याने शिट्टी सरळ विकत घ्यावी, असं मला ऐकवण्यात आलं. वर "घाई कसली? लाकूड काय पळून जातंय?" हे पालुपद होतंच.

दर रविवारी ब्रायनचा फोन यायचा आणि गाऊजवर अर्धा अर्धा तास खल चालायचा. मला नवल वाटायचं. जन्मभर यंत्रं केलेला माणूस एका पटाशीपाशी अडतो कसा?

परवाच्या रविवारी मी चहाला गेले होते. काकांनी खणातून सँडपेपर काढायला सांगितला आणि मी चुकून खालचा खण उघडला. आत फडक्यात गुंडाळलेली शिट्टी होती. अक्रोडाची, गुळगुळीत, पॉलिशसुद्धा झालेली. फुंकून पाहिली, तर अस्सल बदक.

काका रागावले नाहीत. शिट्टी सप्टेंबरातच झाली होती म्हणे. मग दिली का नाही?

"दिली की संपलं गं. पूर्वी तो 'हाय डॅड' म्हणायचा आणि फोन लगेच पोरीच्या हातात. मुलगा वाईट नाही, पण माझ्याशी बोलणार काय? आता बोलतो."

मी शिट्टी पुन्हा फडक्यात गुंडाळली.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी खुणेनेच शिट्टी आत ठेवायला लावली आणि स्पीकर लावला. मिनेसोटातली तळी एव्हाना गोठली होती आणि बदकं केव्हाच दक्षिणेला गेली होती, हे मलासुद्धा ठाऊक होतं.

"ब्रायन, आय स्टिल हॅव अ डाउट अबाउट द गाऊज."

"नो रश, डॅड." पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "टेल मी."