महिपतकाकांना आलेला कॉल

खचून न जाणं ही एक कला आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यात ती माझ्याइतकी कुणाला जमत असेल असं मला वाटत नाही. सात महिने मी बेकार होतो. पण सात महिन्यांत एक दिवस जरी लुंगीवर लोळत काढला असेन तर शपथ!

त्याचं असं झालं. मिरजोळ्याला खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळत होतो. मंदी आली. कुणालाच खोकी लागेनात. आधी खोकी कमी झाली, मग खोकी मोजणारा कमी झाला. निघताना टेबलावरचं सामान भरायला साहेबांनी मला एक रिकामं खोकं दिलं. तेही आमच्याच कंपनीचं, त्यामुळे घरी पोचेपर्यंत तळातून फाटलं.

दुसरा कुणी असता तर पांघरूण ओढून पडला असता. मी दुसऱ्या दिवशी दाढी केली, शर्ट खोचला, बूट चढवले आणि बरोब्बर नऊच्या ठोक्याला जेवणाच्या टेबलापाशी कामावर रुजू झालो. काम एकच, नोकरी शोधणं. मस्टर केलं, त्यावर रोज सही करायची. उशीर झाला तर मीच मला लाल शेरा मारायचो. एक वाजता डबा उघडायचा. डबा त्याच टेबलावर भरलेला असायचा आणि त्याच टेबलावर उघडायचा, पण शिस्त म्हणजे शिस्त! माझी बायको नम्रता सकाळच्या शाळेत शिकवते. ती साडेबाराला घरी यायची, मला घरात बुटांत बघायची आणि लादी पुसायला घ्यायची. एकदा मी तिच्याकडे किरकोळ रजेचा अर्ज टाकला. तो नामंजूर होऊन आला. खाली लिहिलं होतं, 'आधी सिलिंडर बदलणे.'

दुसरी शिस्त बोलण्याची. 'नोकरी नाही' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. कुणी विचारलंच तर हसून सांगायचं, "कॉलची वाट बघतोय. दोन-तीन मोठ्या कंपन्या मागे लागल्यात." एकही लागली नव्हती. उलट मीच त्यांच्या मागे लागलो होतो आणि त्या पळत होत्या.

हेच मी आमच्या महिपतकाकांनाही सांगत होतो. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. देवरुखाच्या आत आमचं गाव आहे, तिथे असतात. वडील गेल्यापासून घराण्यात तेच मोठे, आणि देवळातला मानही त्यांच्याकडेच. दर आठवड्याला फोन करून विचारायचे, "काय झालं रे नोकरीचं?" मी म्हणायचो, "काका, सगळं कॉलवर अडलंय. एकदा कॉल आला की झालं." काका हुंकार भरायचे. आता काकांच्या तोंडात इंग्रजी शब्द गेला की तो फुगूनच बाहेर येतो. हॉलचा हौल होतो, डॉक्टरचा डौक्टर होतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या ते नको तितकं लक्षात होतं.

आणखी एक. अर्जात दुसरा फोन नंबर मागतात, तिथे मी काकांचा देत होतो. आधी नम्रताचा द्यायचो. पण एकदा तिच्या शाळेला सुट्टी असताना सकाळी आठ वाजता तिच्या फोनवर एका कंपनीचा फोन आला आणि तिने 'झोपलेत' असं खरं खरं सांगून टाकलं. त्यानंतर काकाच बरे म्हटलं.

तर गुरुवारी दुपारी, मी डबा खात असताना काकांचा फोन आला.

"गुरू, कौल आला रे."

मी उठलो तो खुर्ची मागे पडली. "काय म्हणाले?"

"होय म्हणाले. मागंपुढं बघितलंच नाय."

"पण बोललं कोण?"

"कोण म्हणजे? मालक."

एचआर नाही, मॅनेजर नाही, थेट मालक! बाकी सगळीकडून नकार आले होते. उत्तर यायचं राहिलेली एकच कंपनी होती, मिरजोळ्यालाच आंब्याच्या रसाचे डबे भरणारी. म्हणजे तीच. तिथे स्टोअरला माणूस हवा होता. मी आवाज शक्य तितका थंड ठेवून विचारलं, यायचं कधी? मंगळवारी, साडेनऊच्या आत, आंघोळ करून, असं काका म्हणाले. मी रोजच करतो म्हटलं. कुठे यायचं, तर "जागेवर. जागा काय बदलत्ये काय?" आणि जोडे बाहेर काढायचे. खाण्याचे पदार्थ बनवणारी कंपनी, जोडे बाहेरच काढायला लावणार. मला ते फार आवडलं.

"कागदपत्रं काय काय आणू?"

"कागद कशाला हवेत? त्यांना तुझी सगळी माहिती हाय. तुझ्या पणज्यापासूनची."

इतकी चौकशी करणारी कंपनी मी पाहिली नव्हती. पगाराचं विचारलं, तर काका म्हणाले, मनापासून माग, देतील, पण मिळाल्यावर विसरायचं नाय.

नम्रताने पेढ्यांचा पुडा बघून एकच विचारलं, "कंपनीचं नाव तरी विचारलंत का काकांना?" मी तिला म्हटलं, तुझा हा स्वभावच नडतो. चांगलं होत असताना माणसाने चौकशा करू नयेत. पुडा घेऊन मी सगळी बिल्डिंग फिरलो. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सांगितलं, मालकांचा स्वतःचा कॉल आला.

आणि शनिवारी माझा फोन वाजला. इकडे नम्रता मिक्सरवर खोबरं वाटत होती. पलीकडून बाईंचा आवाज आला, मी अमुकतमुकमधून बोलतेय (नाव मिक्सरने खाल्लं), तुमचा अर्ज मिळालाय, मुलाखतीसाठी... नकार देणाऱ्यांपैकीच कुणीतरी आता परत फिरलं असणार असं धरून मी तिथेच थांबवलं. सात महिने मी नकार खाल्ले होते. एक नकार देण्याची संधी आली, ती सोडवेना हो!

"मॅडम, जरा उशीर केलात. मला दुसरीकडे मालकांनी जातीने बोलावलंय. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा. मंदी आहे, मिळेल कुणीतरी."

मग त्या 'ठीक आहे' म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या रात्री मला सात महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

मंगळवारी सव्वानऊला मी मिरजोळ्याच्या त्या कंपनीच्या गेटवर हजर. आंघोळ केलेली, भांग पाडलेला. बूट गेटबाहेरच काढले आणि नव्या मोज्यांवर वॉचमनच्या केबिनपाशी गेलो. वॉचमनच्या छातीवर शिवा असं नाव होतं. माणूस संगमेश्वरकडचा निघाला. त्याने आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"मालकांनी बोलावलंय," मी म्हटलं.

मालक पुण्याला असतात, वर्षातून एकदा येतात, ते तुम्हाला कशाला बोलावतील, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ते माझ्या पणजोबांपासून ओळखतात. शिवाने घाबरून आत फोन लावला. पाच मिनिटांत एचआरच्या अपूर्वा मॅडम बाहेर आल्या. हातात अर्जांचा गठ्ठा. मी नाव सांगितलं, त्यांनी गठ्ठ्यात बघितलं आणि चष्मा वर केला.

"गुरुप्रसाद म्हणजे तुम्हीच ना? शनिवारी मला म्हणालात, मंदी आहे, मिळेल कुणीतरी?"

तो आवाज! मिक्सरमागचा! आलेली नोकरी मी माझ्या या तोंडाने घालवली होती, आणि मोज्यांवर उभा राहून मला ते आता कळत होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. काका. बंद करायला गेलो आणि घाईत स्पीकर लागला.

"कुठे हायस रे तू? सगळा गाव देवळात येऊन बसलाय! मालकांनी उजवा कौल दिलाय, समोर नको उभं राहायला?"

देवळात. उजवा कौल. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या गावात देवाचं नाव घेत नाहीत, त्याला मालकच म्हणतात. मी महिनोन्‌महिने 'कॉलची वाट बघतोय' म्हणून रडत होतो, आणि काकांनी बिचाऱ्यांनी देवाला पाकळ्या लावून, उजवीकडची पडली की होय, असा कौल घेतला होता! मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, बरं, येता येत नसेल तर फोनवरनं ऐक, गुरव खोळंबलाय. आणि त्यांनी गाऱ्हाणं सुरूच केलं.

"हे म्हाराजा! हे तुझं लेकरू गुरुप्रसाद, याची नोकरी गेली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव.

"सात महिने घरात बसून हाय. बूट घालून जेवणाच्या टेबलाकडं बसतो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळचा एक आवाज फार जवळून आला. शिवाने टोपी काढून हात जोडले होते. मी फोन बंद करायला बोट नेलं, तर त्याने डोळे वटारले. चालू गाऱ्हाणं तोडायचं नसतं.

"मोठ्या कंपन्या मागं लागल्यात म्हणून सांगतो, त्या काय लागलेल्या नाहीत म्हाराजा! पण आतनं पोर खचलंय, ते आम्हाला दिसतंय म्हाराजा! माल मोजायला चोख हाय. लबाडी नाय, चोरी नाय. तोंड जरा मोठं हाय, तेवढं लहान कर, आणि त्याला त्याच्या पायावर उभा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. शिवा म्हणाला. आणि मॅडमचेही ओठ हलले असं मला वाटलं.

मला भयंकर लाज वाटली. आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. न खचण्याचं सगळं नाटक मी ज्यांच्यासाठी करत होतो, त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बुटांचं तर नम्रतानेच सांगितलेलं असणार.

फोन बंद झाला. मॅडमनी गठ्ठ्यातून माझा अर्ज वर काढला.

"तोंड मोठं आहे, हे तुमच्या बायोडाटात नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम."

"माल मोजायला चोख, लबाडी नाही, हेही नव्हतं. चार पानं भरून नेतृत्वगुण लिहिलेत नुसते. बूट घाला आणि आत या."

आत अर्धा तास त्यांनी स्टोअरचं काय काय विचारलं. माल कसा लावता, तूट आली तर काय करता. मी फुशारकी न मारता जेवढं येतं तेवढंच सांगितलं. नवीनच अनुभव होता. शेवटी त्या म्हणाल्या, ठीक आहे, दोन-तीन दिवसांत कॉल करू.

"मॅडम, फोन करा," मी हात जोडून म्हटलं. "कॉल नको."

बुधवार गेला, गुरुवार गेला. मी मस्टर उघडलं नाही. नम्रताला मी पहिल्यांदाच सरळ सांगितलं की मला भीती वाटतेय. तिने लादी पुसायचं फडकं ठेवलं आणि शेजारी येऊन बसली. शुक्रवारी अकरा वाजता फोन आला. सोमवारपासून या. एक अट होती, स्टोअरमधला फोन वाजला तर तो शिवा उचलेल, मी नाही. मी अट आनंदाने मान्य केली.

लगेच काकांना फोन लावला. आनंदात सगळी सावधगिरी विसरलो. "काका, लागली नोकरी! आत्ता कॉल आला!"

काका मुळीच चकित झाले नाहीत.

"आत्ता आला?" ते म्हणाले. "मी तर तुला गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं. साडेनऊची येळ, जोडे बाहेर, कागद नको. त्यात काय चुकलं?"

मी एकेक गोष्ट बोटांवर ताळून बघितली. काहीच चुकलं नव्हतं. सात महिन्यांची माझी शिस्त, मस्टर, टेबलावरचा डबा, कशालाच कुणी काडीची किंमत देत नव्हतं. मग मी घरातच घातलेले बूट काढले, कोपऱ्यात ठेवले आणि फोनमध्ये हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा."