नदीकाठचे उंटाचे नळीची हकीकत

श्रीगजवदनास नमन, विद्यादेवीस नमन, आणि जो भूमीचे पोटीं पुरिलेलें राखितो व नको ते दिवशीं वर काढितो त्या काळपुरुषास आधीं दंडवत. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासीं एका अस्थिराज्यांत, म्हणजे जुनीं हाडें उकरून तें शास्त्र शिकविणारे एका संस्थेंत, जें वर्तलें तें लिहितों. लिहिणार हुजुरांचे चहांतला वाटेकरी, सबब हुजुरांची फजिती जेथें झाली तेथें हात आखडता घ्यावा ऐसा बेत होता. परंतु फजिती वगळतां हकीकतींत कांहींच उरेना, मग नाइलाज जाहला.

राज्याचे धनी राजश्री भालचंद्रपंत देवस्थळी, उत्खननशास्त्रांत नामांकित. हाड पाहून जनावर सांगावें, माती पाहून काळ सांगावा, आणि कोणी पुरावा मागितल्यास त्याची अक्कल काढावी, ऐसा दरारा. परंतु उभा जन्म जमीन उकरून नांवावर मोठा शोध एकही नाहीं, ही सल मनीं, आणि निवृत्ति तोंडावर आलेली. ऐसे समयीं नदीनें पुरांत दरड कापिली, आणि पंत काठानें फेरी करीत असतां तळचे पिवळे गाळाचे थरांत हाडाचा तुकडा दिसला. पंतांनीं तो उचलिला, फुंकिला आणि जिभेस लाविला. कां कीं जुनें हाड जिभेस चिकटतें, ऐसी या शास्त्रवाल्यांची रीत. हाड चिकटलें. पंत वाटेनें गुडदाणी खात आले होते, हें ते समयीं त्यांचे ध्यानीं आलें नाहीं. पंत गर्जले, "उंटाची नळी! आणि थर तीन हजार वर्षांचा! दक्षिणेत इतका जुना उंट कुणी ऐकलाय? आता बघतो एकेकाला!"

मग पंतांस धीर कसला धरवतो! दुसरे दिवसाची सभा बोलाविली, आणि अखबारवाले बोलाविले, आणि काळमापनखात्याचे सरदार टेंबेकर, जे पंतांचे जुने वैरी, त्यांस मुद्दाम पहिले रांगेंत जागा राखिली. मग नळी घेऊन अस्थिभांडारांत गेले. तेथील मुख्य पंतांचेंच कुटुंब हेमांगीबाई. नाना जनावरांचे सांगाडे बाईंचे कपाटांत, नवें हाड त्यांशीं ताडावें आणि मग तोंड उघडावें, ऐसा शिरस्ता. पंतांनीं तोंड आधीं उघडिलें होतें. बाईंनीं उंटाचा खण ओढिला, तों आंत मागले पायाची नळी अर्धीच, खालीं तुटलेली. बाईंनीं पंतांचा तुकडा तिला लाविला, तों कट्कन् बसला.

पंत हर्षें म्हणाले, "पाहिलंस! जात जुळली!"

बाई म्हणाल्या, "जात नाही हो, जनावरच जुळलं. आठवत नाही? आपण शिकत होतो, फिरस्त्यांचा उंट मेला. कपाटात उंट नाही म्हणून तुम्ही तो मागून आणलात, आणि किडामुंगीनं मांस खाऊन सांगाडा साफ व्हावा म्हणून नदीकाठी पुरलात. पुढं काढताना तुमचीच कुदळ नळीवर बसली आणि अर्धी खालीच राहिली. वासापायी सगळे पळाले. मी तेवढी नाक दाबून उभी होते."

"अगं पण थर? थर तर जुना आहे!"

"खड्डाच जुन्या थरापर्यंत खणलात, मग हाड दुसरं कुठं सापडणार? थरात मागाहून खणलेल्या खड्ड्याची कड बघा, कड बघा म्हणून पोरांवर दरसाल ओरडता. आपल्याच खड्ड्याची नाही दिसली?"

मग पंतांचे मनीं आलें, तुटलें तोंड जरासें घासलें तर सांधा कोणास कळणार? आणि कानस हातीं घेतली. बाईंनीं पाहिलें आणि चष्मा काढून पदरानें पुसूं लागल्या. पंतांचे डोळे भरले. म्हणाले, "हेमा, एवढं एक तरी माझ्या नावावर लागावं असं फार वाटलं गं." बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे मला." आणि कानस काढून घेतली नाहीं. पंतांनींच ती आपण होऊन खालीं ठेविली.

सभा भरली. टेंबेकर सरसावून बसले. पंत उभे राहिले आणि म्हणाले, "हाड उंटाचं. काळ तीन हजार वर्षं नव्हे. क्रिकेटचा पहिला विश्वचषक आपण जिंकला त्याच्या आदल्या महिन्यातली भर दुपार. पुरणारा इसम सभेत हजर आहे, तो मीच." मग टेंबेकर उठले, ज्यांचे यंत्रांत शंभर वर्षें इकडची तिकडे होणें नित्याचें, आणि म्हणाले, "देवस्थळी, इतका अचूक काळ मला जन्मात सांगता आला नाही हो!" ऐसें बोलोन हसूं लागले, आणि मग पंतही हसले, आणि अखबारवाले चहा घेऊन गेले.

एवंच, राज्यानें उंट शोधिला तो राज्याचाच निघाला. लिहिणारानें पदरचें घातलें नाहीं, घालण्याजोगें उरलेंच नव्हतें. नळी खणांत पुरी जाहली, आणि बाईंनीं वर स्वहस्तें चिठ्ठी लाविली: "पुरणार देवस्थळी, शोधणार देवस्थळी." पंतांचे नांवावर हा एक शोध लागला, आणि तो खोडून काढणारा अद्याप कोणी निपजला नाहीं.