रेवणप्पांची बांबूवरची टोपी

रेवणप्पा रोज सकाळी गच्चीवर एक बांबू उभा करत आणि त्याच्या टोकाला आपली पांढरी टोपी अडकवत. दिवसभर बोडक्या डोक्याने फिरत. संध्याकाळी टोपी उतरवून तिच्यावर बसलेली काजळी निरखत आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा निकाल लावत, "आज आभाळ नापास!"

पंच्याहत्तर सालच्या आसपास मी सोलापुरात टपाल कचेरीत लागलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच दिवशी माझा स्टोव्ह भडकला, तशी खिडकीतून हाक आली, "ओ पोष्टमन, धूर कुटं सोडताय? आभाळ काय भाड्यानं घेतलंय व्हय?" मी पोस्टमन नसून कारकून आहे, हे सांगायची सोय नव्हती. इस्त्रीवाल्याला ते शेगडी घेऊन गल्लीच्या टोकाला पिटाळत. कुणी बिडी पेटवली की पुढचं सगळं कानडीत. एकदा तर वरातीतली फटाक्यांची माळ त्यांनी बादलीभर पाण्याने विझवली, त्यात नवरदेव भिजला. वर त्यालाच विचारलं, "गार वाटलं की न्हाय?"

समोरच्या गिरणीच्या चिमणीशी मात्र त्यांचं खास वैर. गच्चीवर उभे राहून ते तिला बोट दाखवून झापत. गंमत अशी, की त्याच गिरणीच्या बॉयलरमध्ये त्यांनी तीस वर्षं कोळसा टाकला होता. कुणी हे काढलं की म्हणत, "म्हनूनच बोलतोय की! हिला खायला मीच घातलंय, आन आता ढेकर माज्याच तोंडावर देती!"

मला तेव्हा नसते उद्योग करायची भारी हौस. एका दुपारी बांबूवरची टोपी काढून मी तिथे बाजारातली कोरी करकरीत टोपी अडकवली. संध्याकाळी रेवणप्पांनी ती हातात घेतली. उलटीसुलटी केली. समोरच्या चिमणीकडे एक नजर टाकली. मग एकदम ओरडले, "पास! आभाळ पास!" त्यांनी इस्त्रीवाल्याला मिठी मारली, गल्लीभर पेढे वाटले, बिडीवाल्यांनासुद्धा. मी उशीत तोंड खुपसून हसलो.

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, कोट चढवून पहिल्या गाडीने कुठेसे गेले. टोपी डोक्यावर बसत नव्हती, ती एका हाताने धरून चालले होते. संध्याकाळी परतले ते एका किडकिडीत, हसऱ्या बाईंना घेऊन. "आमची मंडळी," म्हणाले. त्यांना बायको आहे हे मला तेव्हा कळलं. गंगव्वांना दमा होता. इथल्या धुरात जीव गुदमरायचा म्हणून सहा वर्षं त्या दुधनीला भावाकडे राहत होत्या. आभाळ स्वच्छ झालं की न्यायला येतो, असं रेवणप्पांनी कबूल केलं होतं. मला शरमेने त्यांच्याकडे बघवेना.

दोन दिवस त्या खोलीतून नुसतं हसणं ऐकू येत होतं. रेवणप्पा स्वतः भाकऱ्या थापत होते आणि गंगव्वा त्यांना नावं ठेवत होत्या. तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो, ट्रंक मी उचलली होती. रेवणप्पांनी त्यांना अगदी शेवटच्या डब्यात बसवलं आणि इंजिनापर्यंत चालत जाऊन ड्रायव्हरला दम भरला, "धूर जरा बेतानं सोड, मागं पेशंट हाय!"

गाडी गेली. मला राहवेना. "आप्पा, टोपी मी बदलली होती."

"ठावं हाय की. माजं डोस्कं केवडं, तुमची टोपी केवडी!"

"मग काकूंना आणलंत कशाला?"

"निमित्त पायजे हुतं वो कायतरी. सहा वर्सं झाली." ते रुळांकडे बघत राहिले. "म्या टाकलेला कोळसाच तिच्या छातीत बसलाय. आन तिला काय कळत न्हाय व्हय? येताना गाडीतनंच चिमणी दिसली तिला, भसाभसा सोडत हुती. तरी ट्रंक घिऊन उतरली की."