कोणालाच न दिसणाऱ्या लांजेवारबाई

ऐंशीच्या दशकात आम्ही नंदनवन नावाच्या वस्तीत राहत होतो, तेव्हा आमच्या गल्लीत एक बाई होती जी फक्त मलाच दिसायची.

मी नाशिकहून लग्न होऊन आलेली. ही बाई रोज दिवेलागणीला यायची. उंच, हडकुळी, राखाडी पातळ आणि पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यामुळे पावलांचा आवाज नाहीच. ती आली की नळावरच्या बायका एकदम गप्प. कुणी घागरीत डोकावे, कुणी आभाळात विमान शोधे. ती इतकी जवळून जाई की पदराला पदर लागावा, पण एकीचीही नजर तिच्याकडे वळत नसे.

"ह्या कोण हो?" मी सासूबाईंना विचारलं.

"कोन? मले तं कोनी नाही दिसून राहिली." बाई तीन हातांवर उभी होती.

नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, आईसमोर मी कुठल्याच बाईकडे बघत नाही. हा पुरुष कधी काही कामाला आलाय का! मी भुताखेतांना मानत नाही, तरी उंबऱ्यावर मिठाचे खडे ठेवू लागले. सासूबाईंनी ते उचलून वरणात घातले.

त्यात माझं एक वेगळंच दुखणं. दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग सुटलं होतं आणि शिंकलं, खोकलं, हसलं की लघवी निसटायची. हे सांगायचं कुणाला? सासूबाईंना सांगण्यापेक्षा विहीर बरी. धाकट्या बहिणीचं लग्न नाशिकला दोन महिन्यांवर आलं होतं. रात्रभराची गाडी, मग त्या हसऱ्या मावश्या. मी जायचंच नाही असं ठरवलं, आणि मोरीत जाऊन रडले.

एका संध्याकाळी फाटकात मला शिंक आली. समोर ती बाई थांबली. माझ्या चेहऱ्याकडे नाही, पावलांकडे बघत, ओठ न हलवता म्हणाली, "फक्त शिंकतानाच होते, का हासतानाही?"

मी उंबऱ्यावरचे मिठाचे खडे शोधले; ते वरणात गेले होते.

"चालण्यावरून समजते. उद्या कोपऱ्यावरच्या माह्या घरी मागच्या दारानं ये. आधी वजन, मंग करंट."

भुताला माझा आजार कळतो, तर औषधही ठाऊक असेल, असा विचार करून मी गेले. खोलीत पडदे ओढलेले, एकच मिणमिणता दिवा, कोपऱ्यात वजनाचं यंत्र आणि टेबलावर घुं घुं करणारी पेटी. ह्याच लांजेवारबाई. एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात त्या विजेच्या उपचाराचं काम करत. दवाखान्यात कुणी बघेल म्हणून ज्या बायका जात नसत, त्यांना डॉक्टरीणबाई इकडे धाडायच्या.

त्यांनी मला यंत्रावर उभं केलं. "तेलाचा एक पिपा जास्तीचा घेऊन फिरून राहिली तू. तो सारा लघवीच्या पिशवीवर बसते. मंग ती काहून रडनार नाही?"

लांजेवारबाई जगाला पंधरा किलोच्या पिप्यांत मोजत. गल्लीतला वकील दोन पिपे, त्याची बायको अर्धा. चहा बिनसाखरेचा, तोही अर्धा कप.

मग त्यांनी घोट्याच्या वर ओल्या पट्ट्या बांधल्या आणि बटण फिरवलं. मुंग्या आल्या, आणि माझ्या पायाचा अंगठा आपोआप वळला. मी वळवला नव्हता! पुन्हा वळला. मी किंचाळणार होते.

"नाचला नं अंगठा? मंग शीर बरोबर भेटली," त्या लाडानं अंगठ्याशीच बोलल्या. "इथली शीर वरच्या, पिशवीच्या शिरेची बहीन आहे. हिले समजावलं का ते ऐकते."

मी भात कमी केला, त्यांनी शिकवलेले आवळायचे व्यायाम केले, आणि आठवड्यातून दोनदा अंधाऱ्या खोलीत आपलाच अंगठा परक्यासारखा नाचताना बघितला. हळूहळू निसटणं कमी झालं. पुरतं गेलं नाही, पण गाडीत बसण्याची हिंमत आली.

एवढ्या भल्या बाईला कुणी ओळख का देत नाही, हेही तिथंच कळलं. एका पेशंटनं बाजारात त्यांना वाकून नमस्कार केला होता. सोबत तिची सासू. कोण ही, कशाची ओळख, असं खोदून खोदून विचारलं, आणि त्या पोरीची घरात शोभा झाली. तेव्हापासून लांजेवारबाईंचा नियम: बाहेर मले ओळखाचं नाही. ओळख दाखवली की दुखणं कळलं. म्हणजे नळावरच्या त्या सगळ्या... मी मनातल्या मनात मोजू लागले, आणि थांबले.

शेवटच्या दिवशी तारा गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "बरी झाली का कोनी इकडे फिरकत नाही. येऊही नये. पन माहं एक काम करशील? मी भाजीच्या गाडीपाशी असली, तं लग्न कसं झालं ते भाजीवाल्याले सांग. जरा मोठ्यानं."

लग्नाहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर गेले. लांजेवारबाई पाठमोऱ्या उभ्या, वांगी निवडत. मी मेथीची जुडी उचलली आणि ओरडलेच, "भाऊ, बहिणीचं लग्न झालं हो! मावश्यांनी इतकं हसवलं, इतकं हसवलं, पण काही म्हणजे काही झालं नाही!"

"हो का," भाजीवाला म्हणाला.

वांगी निवडणारा हात थांबला. मला इतकं भरून आलं की मेथी दिसेना.

तेवढ्यात माझ्या मागून खणखणीत आवाज आला, "मी तं कुही गावाले भावाकडे जाऊन आली, गा! यष्टीत पुरा रस्ता झोपून गेली. मंधात कुठंच उतरा नाही लागलं!"

सासूबाई. हातात पिशवी, नजर थेट कोबीवर.

"हो का, आजी," भाजीवाला म्हणाला.

आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता मेथी आणि कोबी घेऊन निघालो. दोन पावलं पुढं गेल्यावर सासूबाईंनी माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. मागं लांजेवारबाई अजून तिथंच होत्या. त्यांची वांगी केव्हाच घेऊन झाली होती.

"काल मले येता नाही आलं," त्या भाजीवाल्याला हळूच विचारत होत्या, "काल कोनी काही बोललं का गा?"

"बोलल्या नं, बाई," त्यानं रिकामी टोपली पालथी घातली. "बसा, सांगतो."